ढिगावरचा घास

इंदापुरात एका जुन्या खुनाच्या पाच जागा लोकांना हिंडून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, ते केवळ माझा आवाज मोठा होता म्हणून. एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि वर्गात ओरडलो की बाजारतळावर ऐकू जायचं. माझ्याआधी चाळीस वर्षं हे काम म्हातारा गुरव करायचा. त्याला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, तेव्हा चावडीवर चार जाणती माणसं बसली आणि म्हणाली, "मास्तरला सांगा. त्याला काय, बोलायचीच सवय हाय." मला आधी राग आला आणि मग अभिमान वाटला. माझं नेहमी असंच होतं.

खून दोनेकशे वर्षांपूर्वीचा. गढीचा सरदार सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी, पितरांचं पान वाढायच्या आधी, हत्यार खाली ठेवून हौदावर हात-पाय धुवायला आला. मारेकरी तोवर आत शिरलेले होते. ते शिरले गढीच्या दिंडीतून, म्हणजे थोरल्या दरवाजातल्या लहान दारातून, आणि दिंडीचा अडसर काढून दिला होता तिथल्याच पहारेकऱ्याने. सरदार घायाळ होऊन बाहेर धावला, चिंचेखाली टेकला, देवळाच्या पायरीवर पडला तो उठला नाही. मारेकरी घोड्यांवरून निसटले. पहारेकरी मात्र सापडला. त्याला गावाने वेशीबाहेर ओढ्याकाठी नेऊन दगडांनी मारलं.

दिंडी, हौद, चिंच, देवळाची पायरी आणि ओढ्याकाठचा ढीग, अशा या पाच जागा. दर सर्वपित्रीला गाव ही वाट चालायचं. पुढे सांगणारा, मागे पन्नास-साठ माणसं. शेवटी ढिगापाशी प्रत्येकाने एक दगड मारायचा आणि थुंकून माघारी फिरायचं, मग घरी जाऊन आपापल्या पितरांना पान वाढायचं. पहिला दगड सांगणाऱ्याचा. असा दगडावर दगड पडत ढीग माणसाच्या छातीएवढा झाला होता.

काम मिळाल्याची बातमी घेऊन मी घरी गेलो तेव्हा आई सुपात ज्वारी पाखडत बसली होती. वडील जाऊन पाच वर्षं झाली होती, घरात आम्ही तिघंच, आई, मी आणि लग्नाला आलेली धाकटी बहीण. मला वाटलं, आई तोंड भरून कौतुक करील. तिने सूप खाली ठेवलं.

"न्हाय म्हणून सांग त्यास्नी," ती म्हणाली.

"का?"

"तो पहारेकरी आपला हाय."

मला हसूच आलं. मग ती सांगू लागली आणि हसू विरलं. आमचं घराणं निरवांगीहून इंदापुरात आलं ते आजोबांच्या वेळी, आणि येताना आडनाव बदलून आलं, हे मला ठाऊक होतं. का बदललं, ते ठाऊक नव्हतं. ही गोष्ट आमच्या घरात पुरुषांना सांगायचीच नाही अशी चाल. सासूने सुनेला सांगायची आणि सुनेने तिच्या सुनेला. त्याबरोबर एक कामही सोपवायचं. सर्वपित्रीला पहाटे, ओढ्यावर कुणी नसताना, ढिगावर दहीभाताचा घास ठेवायचा आणि तांब्याभर पाणी सोडायचं. तास-दोन तासांत कावळे घास नेत आणि दगड मारायला गाव येई तेव्हा ढिगावर एक शीतसुद्धा उरलेलं नसे. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून हे करत होती. तिच्या अंगात त्या माणसाचं रक्त नव्हतं. ते माझ्या अंगात होतं.

"अडसर काढला तवा त्येच्या लेकराच्या गळ्याला सुरा लावला व्हता," ती म्हणाली. "दगडं पडत व्हती तरी एकच इचारीत व्हता, माझं प्वार कुठं हाय. कुणी सांगितलं न्हाय त्याला."

आता खरं सांगायचं, तर माझा त्यावर पुरता विश्वास बसला नाही. प्रत्येक घर आपल्या पूर्वजाला धुऊन-पुसूनच पुढे ठेवतं. गुरवाने चाळीस वर्षांत पोराचा उल्लेख एकदाही केला नव्हता. पण आईचा चेहरा पाहिल्यावर वाद घालायचं मी सोडून दिलं. तरीही मी चावडीवर नाही म्हणू शकलो नाही. नाही म्हटलं तर लोक कारण विचारतील, ही एक भीती. आणि दुसरं, मला ते काम हवंही होतं. हे आज कबूल करायला हरकत नाही.

पहिल्या वर्षी सगळं निभावलं. मी दगड मारला, थुंकलो, घरी येऊन पान वाढलं. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी बोलली.

दुसऱ्या वर्षी बहिणीला बारामतीचं स्थळ आलं. मुलाचे वडील कालव्याच्या पाण्यावरचे बागायतदार. दारात उसाचा फड, गुऱ्हाळ स्वतःचं. आम्ही कोरडवाहू मुलखातली माणसं, आम्हाला त्या कालव्याचंच इतकं अप्रूप, की मुलगी दाखवायला आम्ही तिघं तिकडे गेलो तेव्हा आई पाटाच्या कडेला उभी राहून नुसती पाण्याकडे बघत राहिली. मुलाच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत, आम्हीही तात्याच म्हणू लागलो. मुलगी पसंत पडली. सुपारी दसऱ्यानंतर फोडायची ठरली. उठता उठता तात्या म्हणाले, "मास्तर, आमाला देणंघेणं काय नको. देवानं दिलंय. फकस्त कूळ निर्मळ पायजे. त्यात खोट निघाली तर मंडपातनं उठून जानारा माणूस हाय मी."

मी मान डोलावली. बहीण आतल्या दारात उभी होती. तिला ते घर, तो मुलगा, सगळंच आवडलं होतं. परत येताना ती मोटारीत वाटभर गालातल्या गालात हसत होती आणि मी तात्यांचं ते वाक्य मनात घोळवत होतो.

भाद्रपदात तात्यांचा निरोप आला. मास्तर खुनाच्या जागा फार छान सांगतात असं त्यांनी ऐकलं होतं. 'सर्वपित्रीला येतो. पंधरवड्यात सोयरिकीचं बोलू नये, तेव्हा ते बोलायचं नाही. पान घरी थोरला घालील. मी नुसता ऐकायला येतो.' निरोप वाचून मला जेवण गोड लागेना.

मी आईला विनवलं. "या वर्षी घास ठेवू नकोस. एवढं एक वर्ष."

"पितराला उपाशी ठेवू व्हय?"

"धाकटीच्या संसाराचा प्रश्न आहे. कुणी बघितलं तर?"

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "गाव माघारी फिरंस्तवर ठेवायची न्हाय. मागनं ठेवीन. झालं?" मला ते पटलं. गाव नेहमी नऊ-साडेनऊला माघारी फिरायचं. मी तिचे हात धरले. माझ्या मते त्या दिवशी मी फार हुशारीने सगळं जुळवलं होतं.

सर्वपित्रीला सकाळी गढीच्या दिंडीपाशी माणसं जमली. तात्यांची बारामतीची मोटार काही येईना. पाहुणा यायचाय म्हटल्यावर पाटलांनी सगळ्यांना थांबवून धरलं. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. वाटेत मोटारीचं चाक बसलं होतं. तात्या पोचले तेव्हा साडेदहा होऊन गेले होते आणि भादव्याचं ऊन डोक्यावर आलं होतं. घराकडे निरोप धाडावा हे मला सुचलं नाही. मी मनात माझी वाक्यं घोकत बसलो होतो.

दिंडीपाशी मी सांगायला सुरुवात केली. तात्यांनी पुढे होऊन भिंतीतल्या अडसराच्या भोकात मनगटापर्यंत हात घातला.

"ह्यो एकट्यानं काढला?"

"होय. आतून काढणं सोपं असतं."

"आन् त्येचं कूळ कुठं गेलं मागनं?"

"गेलं असेल कुठंतरी," मी म्हणालो.

मागून कुणीतरी म्हणालं, "निरवांगीकडं गेलं म्हणत्यात, तात्या."

तात्यांनी हात बाहेर काढला, धूळ झटकली. "मास्तर, तुमी बी निरवांगीकडचंच ना?"

"आजोबा तिकडचे," मी म्हणालो, आणि इतक्या मोठ्या आवाजात "आता हौद!" असं ओरडलो की पुढची दोन माणसं दचकली.

हौदापाशी मी सरदाराचं पाणी घेणं सांगितलं. चिंचेपाशी त्याचं पागोटं पडलं ते सांगितलं. गेल्या वर्षी इथे माझा आवाज लागला होता, त्या दिवशी मी दोन वाक्यांत उरकलं. तात्या प्रत्येक जागी वाकून बघत, हात लावत, प्रश्न विचारत. पहारेकरी कुठल्या जातीचा, त्याचं वय किती, गढीवर किती वर्षं होता. चांगला ऐकणारा मिळावा म्हणून मी वर्षभर तळमळलो होतो, आणि मिळाला तो हा. देवळाच्या पायरीवर त्यांनी कपाळ टेकलं. उठताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

वेस ओलांडून आम्ही ओढ्याकडे वळलो. प्रत्येकाने वाटेत दगड उचलून घेतला. मीही एक घेतला. लांबून ढीग दिसला, आणि ढिगाशेजारच्या बाभळीखाली आई उभी दिसली.

नेहमीची वेळ कधीच टळून गेली होती. गाव येऊन गेलं असणार असं धरून, दिलेला शब्द पाळून, ती 'मागनं' आली होती. तांब्या हातात, तोही रिकामा. ढिगाच्या माथ्यावर पळसाच्या पानावर दहीभाताचा पांढरा मुटका, वर काळे तीळ, भोवतीचे दगड ओले. घास ठेवून ती कावळ्याची वाट बघत थांबली होती. आम्हाला बघून ती हलली नाही. पाणी न्यायला आलेल्या बाईसारखी तांब्या कमरेवर घेऊन उभी राहिली.

"ह्ये काय?" तात्या म्हणाले. "द्रोह्याला घास? कुणी ठेवला?"

मग कुजबुज सुरू झाली. घास ठेवणारं कुणी आहे, म्हणजे त्याच्या वंशातलं कुणी इथेच आहे, हे समजायला फार अक्कल लागत नव्हती. पाटलांची नजर माणसांवरून फिरत फिरत बाभळीकडे निघाली होती. मला आईची काळजी वाटली असं लिहायला आवडलं असतं. मला त्या क्षणी दिसत होती ती फक्त मंडपातून उठून जाणारी माणसं.

"गावाचा घास आहे," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले. एकदा तोंड उघडल्यावर मास्तराला थांबता येत नाही. "जुनी चाल आहे. मध्यंतरी मोडली होती. दगड मारायच्या आधी गावाने त्याला एक घास द्यायचा. नाहीतर तो उपाशी म्हणून वेस सोडत नाही, गावात फिरतो. मीच ठेवायला सांगितला यंदा. शाळेच्या गड्याला."

शाळेला गडी नव्हता. पण पाटलांनी मान हलवली. "आसंल, आसंल. आमची आज्जी कायतरी बोलायची खरी." दोन म्हाताऱ्यांनाही अंधुक आठवलं. जे मी आत्ताच रचलं होतं ते त्यांना आठवत होतं, हे बघून माझी भीती कमी होण्याऐवजी वाढली.

मी दगडाचा हात वर केला. लवकर मारून मोकळं व्हायचं होतं. तात्यांनी माझं मनगट धरलं.

"थांबा की, मास्तर. घास ठेवलाय म्हंजी कावळा शिवाया नको? न शिवता दगुड कसा मारायचा?"

मी दगड खाली घेतला. चाल माझीच होती.

सगळे खाली बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कावळे गावात होते. वाट चालायला न आलेल्या घरांच्या कौलांवर एव्हाना वडे आणि खीर पडली होती, त्यांनी ओढ्याकाठच्या दहीभाताला कशाला यावं? एक म्हातारा कावळा तेवढा बाभळीच्या शेंड्यावर बसला होता आणि मान तिरकी करून आमच्याकडे बघत होता. माणसं भुकेजली होती. घरी बायका पानं वाढून खोळंबल्या असतील म्हणून चुळबूळ सुरू झाली.

"त्येची कायतरी इच्छा ऱ्हायलीया," तात्या म्हणाले. ते अगदी मनापासून बोलत होते. "आमच्याकडं आसं झालं की घरचं मानूस मोठ्यानं सांगतं, तुझं आमुक करतू म्हणून. मग शिवतो. ह्येला काय पायजे आसंल?"

"अजून एक गढी फोडायला!" कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

आई हसली नाही. ती सरळ माझ्याकडे बघत होती. त्याला काय हवं होतं, ते त्या ओढ्याकाठी दोघांनाच माहीत होतं. मी नजर चुकवली, ढिगाकडे बघितलं, कावळ्याकडे बघितलं. पुन्हा आईकडे बघितलं तर ती तशीच.

मी उभा राहिलो. वर्गात कवितेच्या ओळी म्हणून घेतो तसा हात वर केला आणि म्हणालो, "जुन्या चालीत हेही आहे. मी सांगतो ते सगळ्यांनी माझ्यामागे म्हणायचं. 'तुझं पोर जगलं.'"

"तुजं प्वार जगलं," पन्नास-साठ माणसं म्हणाली.

"'त्याचा वंश वाढला.'"

"त्येचा वंश वाढला."

"'त्याच्या घरात दिवा लागतो. तू आता जेव.'"

लोकांनी तेही म्हटलं. आईचे ओठ हलले नाहीत. थोडा वेळ काहीच झालं नाही, मग तो कावळा खाली उतरला, दोन उड्या मारत मुटक्यापाशी गेला, एक चोच मारली आणि ओढ्यापलीकडे उडून गेला. लोकांनी हुश्श केलं.

"मास्तर," तात्या म्हणाले, "पैला दगुड तुमचा."

आणि मी मारला. मला चुकवता आला असता, बाजूला टाकता आला असता, कुणी मोजायला बसलं नव्हतं. पण हाताला सवय झाली होती आणि तात्या शेजारी होते. दगड बरोबर माथ्यावर बसला, पळसाचं पान फाटलं, उरलेला भात दगडांच्या सांदीत सांडला. मग बाकीच्यांचे दगड पडू लागले. मी वळून बघितलं तेव्हा बाभळीखाली आई नव्हती.

दुपारी तात्या आमच्याकडे जेवले, भरपूर जेवले. मोटारीपाशी पोचवायला गेलो तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, ते प्वाराचं कधी ऐकलं न्हवतं. कुणी सांगितलं तुमाला?"

"गुरवबाबांनी," मी म्हणालो. गुरवबाबा आमच्या आळीतच अंथरुणाला खिळून होते. ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं.

तात्या जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "हां," ते म्हणाले. मोटारीत चढले, आणि चढल्यावर खिडकीतून म्हणाले, "दसरा झाला की सुपारी फोडू. मार्गेसरात लगीन." त्यांना काही कळलं होतं की नव्हतं, हे मला आयुष्यभर कळलं नाही. बहिणीला त्यांनी लेकीसारखं वागवलं, हे मात्र खरं.

घरी आलो तर आई चुलीपुढे भांडी घेऊन बसली होती. मी हलक्या मनाने म्हणालो, "निभावलं, आई. दसऱ्यानंतर सुपारी. आणि त्यालाही सांगून झालं, त्याचं पोर जगलं म्हणून. सगळ्या गावाने सांगितलं."

"व्हय," ती म्हणाली. राखेचा हात तसाच तव्यावर फिरत होता. "समद्या गावानं सांगितलं. त्येच्या लेकरानं न्हाय सांगितलं. लेकरानं दगुड मारला."

मार्गशीर्षात लग्न झालं, कुणी मंडपातून उठलं नाही. पुढच्या सर्वपित्रीला पाटलांनीच घरून दहीभात पाठवला, आणि माझी खोटी चाल गावाची झाली. मी मूठभर अक्षता टाकाव्या तशी ती तीन वाक्यं वदवून घ्यायचो, लोक म्हणायचे, मग मी पहिला दगड मारायचो. आईने मात्र आपला घास सोडला नाही. ती पहाटे जाऊन वेगळा ठेवायची. "गावाचा गावानं घालावा. घरचा घरनं जायला पायजे," एवढंच म्हणायची. शेवटच्या आजारात तिने तो तांब्या माझ्या बायकोच्या हातात दिला. माझ्याकडे तिने काही मागितलं नाही.

आता बारामतीच्या घरात माझ्या बहिणीची नातवंडं संसाराला लागली आहेत. तात्या नाहीत, पाटील नाहीत, कुणाचं लग्न मोडायचं राहिलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो. वाटलं होतं, निदान कागदावर तरी त्या पहारेकऱ्याला आपला म्हणावं, नावानिशी म्हणावं. त्याचं नाव आईने मला एकदाच सांगितलं होतं, ते मला पाठ आहे. पाच जागा लिहिल्या, अडसर लिहिला, दगड लिहिला. सगळं लिहून झालं तरी ते नाव मी अजून लिहिलेलं नाही.